साठ गोलांचा हंगाम : इंग्लिश फुटबॉल लीग, १९२७-२८

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील इंग्लिश फुटबॉलचा इतिहास लिहिताना १९२७-२८ च्या हंगामाचा उल्लेख बहुधा एका आकड्यापाशी येऊन थांबतो. लिव्हरपूल शहरातील एव्हर्टन या क्लबचा मध्यवर्ती आघाडीपटू विल्यम राल्फ डीन, जो ‘डिक्सी’ या टोपणनावाने ओळखला जाई, त्याने त्या हंगामात लीगच्या ३९ सामन्यांत ६० गोल केले. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत एका हंगामात इतके गोल त्याआधी कोणी केले नव्हते आणि त्यानंतरही कोणाला करता आलेले नाहीत. हा पराक्रम निर्विवाद आहे. परंतु तो एका माणसाच्या अंगच्या गुणांची कथा म्हणून सांगितला, की ज्या परिस्थितीने तो शक्य केला ती दृष्टीआड होते. जेमतेम दोन वर्षांपूर्वी बदललेला खेळाचा एक नियम, त्या नियमाला उत्तर शोधताना चाचपडणारी बचावफळी आणि खेळाडूंच्या पगारावर घातलेली कमाल मर्यादा, या तिन्ही गोष्टी लक्षात घेतल्याखेरीज त्या हंगामाचे खरे स्वरूप उमगत नाही.

फुटबॉल लीग १८८८ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्यात १२ क्लब होते आणि ते सर्व लँकेशायर व मिडलँड्स या औद्योगिक पट्ट्यांतील होते. पहिल्या महायुद्धानंतर तिचा झपाट्याने विस्तार झाला. तिसरी श्रेणी उत्तर व दक्षिण अशा दोन गटांत उभी राहिली आणि १९२३ पासून चार गटांत मिळून ८८ क्लब खेळू लागले, ज्यांत कार्डिफसारखे वेल्समधील क्लबही होते. पहिल्या श्रेणीत २२ क्लब असत आणि प्रत्येक क्लब उरलेल्या एकवीस क्लबांशी एकदा स्वतःच्या मैदानावर व एकदा त्यांच्या मैदानावर, असे एकूण ४२ सामने खेळे. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक गुण आणि तळाच्या दोन क्लबांची दुसऱ्या श्रेणीत घसरण, अशी ही रचना होती. दोन क्लबांचे गुण सारखे झाल्यास केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागून येणारी गोलसरासरी पाहिली जाई. १९२३-२४ मध्ये कार्डिफ सिटीचे विजेतेपद या भागाकारातील अगदी किरकोळ फरकाने हुकले होते आणि ते हडर्सफील्ड टाउनकडे गेले होते.

१९२५ पर्यंत ऑफसाइडचा नियम असा होता, की पुढे खेळणाऱ्या खेळाडूकडे चेंडू टाकला जात असताना तो खेळाडू आणि प्रतिस्पर्ध्यांची गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असलेच पाहिजेत. नसल्यास तो ऑफसाइड ठरे आणि चेंडू प्रतिपक्षाकडे जाई. गोलरक्षक हा या तिघांपैकी एक धरला, तर दोन बचावपटूंपैकी एकाने नेमक्या क्षणी पुढे सरकून आक्रमकाला नियमभंगात पकडणे सहज शक्य होते, आणि न्यूकॅसल युनायटेडच्या बिल मॅक्रॅकन याने तर या सापळ्याची कलाच करून टाकली होती. परिणामी खेळ मैदानाच्या मधल्या पट्ट्यात दाटीवाटीने अडकू लागला, पंचांची शिट्टी वारंवार वाजू लागली आणि गोल आटले. १९२५ च्या उन्हाळ्यात ‘तीन’ या शब्दाच्या जागी ‘दोन’ हा शब्द आला. एका शब्दाच्या या बदलाने काय घडले, ते आकडेच सांगतात : १९२४-२५ च्या हंगामात पहिल्या श्रेणीच्या ४६२ सामन्यांत १,१९२ गोल झाले होते, तर पुढच्याच हंगामात तेवढ्याच सामन्यांत १,७०३ गोल झाले.

बचावाची जुनी रचना या बदलापुढे टिकणे अशक्य होते. त्या काळी बहुतेक संघ मागे दोन, मध्ये तीन आणि पुढे पाच अशा मांडणीने खेळत. मधल्या तिघांतील मध्यभागी असणारा खेळाडू बचाव आणि चढाई या दोहोंचा कणा मानला जाई. आता तोच खेळाडू मागे ओढून दोन बचावपटूंच्या मध्ये उभा करण्याची कल्पना पुढे आली. आर्सेनल क्लबात ती रुजण्याचे निमित्त म्हणून ३ ऑक्टोबर १९२५ रोजी न्यूकॅसलकडून झालेला सात गोलांचा पराभव नेहमी सांगितला जातो. त्यानंतर कर्णधार चार्ली बुकन याच्या आग्रहावरून व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी ही मांडणी स्वीकारली. मात्र ती देशभर पसरून पक्की होण्यास काही वर्षे लागली. १९२७-२८ चा हंगाम नेमका या संक्रमणकाळात पडतो, जेव्हा आक्रमकाला मोकळीक मिळालेली होती आणि ती आवळण्याची युक्ती ठाऊक असूनही सर्वांच्या अंगवळणी पडलेली नव्हती. यावरून तो विक्रम स्वस्त ठरवणे मात्र अन्यायाचे होईल, कारण ही मोकळीक तेव्हाच्या प्रत्येक आघाडीपटूला सारखीच लाभली होती. मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेल याने आदल्याच हंगामात ५९ गोल केले होते, पण ते दुसऱ्या श्रेणीत.

डीनचा जन्म १९०७ मध्ये मर्सी नदीच्या पलीकडच्या तीरावरील बर्कनहेड येथे झाला, आणि मार्च १९२५ मध्ये एव्हर्टनने त्याला शेजारच्या ट्रॅनमियर रोव्हर्सकडून ३,००० पौंडांना घेतले. १९२६ च्या उन्हाळ्यात उत्तर वेल्समध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याची कवटी व जबडा यांना अस्थिभंग झाला आणि तो पुन्हा खेळू शकेल की नाही, याचीच डॉक्टरांना शंका होती. पुढे डोक्याने चेंडू मारण्यात ज्याची बरोबरी करणारा इंग्लंडात कोणी नाही असे मानले गेले, तो हाच खेळाडू, ही गोष्ट आजही विस्मयकारक वाटते. त्या काळचा चेंडू जाड चामड्याचा असे, पावसाळी मैदानावर तो पाणी शोषून जड होई आणि त्याच्या तोंडाशी चामड्याच्याच वादीची शिवण असे.

हंगामाच्या पहिल्या नऊही सामन्यांत डीनने गोल केले, आणि ऑक्टोबरमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एव्हर्टनने केलेले पाचही गोल त्याचे होते. तरीही विजेतेपद सहज हाती आले नाही. नव्या वर्षात एव्हर्टनची गती मंदावली आणि हडर्सफील्ड टाउन पुढे सरकला. १९२४ पासून सलग तीन वेळा लीग जिंकलेला हा यॉर्कशायरमधील क्लब आता लीग आणि एफए कप, म्हणजे बाद पद्धतीने खेळली जाणारी देशव्यापी चषकस्पर्धा, या दोहोंवर डोळा ठेवून होता, आणि हाच भार त्याला पेलवला नाही. शेफील्ड युनायटेडविरुद्धची उपांत्य फेरी निकाली निघण्यास तीन सामने लागले. ३१ मार्च रोजी वेम्बलीवर स्कॉटलंडने इंग्लंडला ५-१ असे हरवले, त्या सामन्यासाठी हडर्सफील्डचे अनेक खेळाडू दोन्ही बाजूंना गुंतले होते. आणि २१ एप्रिलला अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न रोव्हर्सने त्यांना ३-१ असे नमवले. ब्लॅकबर्नच्या मागांवर हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरे विणली जात, आणि महायुद्धानंतर ती बाजारपेठ हातची निसटू लागल्याने ते गाव मंदीने ग्रासलेले होते. ज्या आठवड्यात तिथे चषकाचा जल्लोष चालू होता, त्याच आठवड्यात मुंबईच्या कापडगिरण्यांत सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपाला तोंड फुटत होते.

विजेतेपदाचा निर्णय अखेरच्या दिवसाआधीच लागला, आणि मग सर्वांचे लक्ष डीनच्या आकड्याकडे वळले. दोन सामने उरले असताना त्याला कॅमसेलला मागे टाकण्यासाठी सात गोलांची गरज होती. बर्नलीच्या मैदानावर त्याने चार केले. ५ मे १९२८ रोजी एव्हर्टनच्या स्वतःच्या मैदानावर, गुडिसन पार्कवर, गाठ होती ती आर्सेनलशी, म्हणजे नव्या नियमाला सर्वांत आधी पद्धतशीर उत्तर शोधणाऱ्या संघाशी, आणि बुकनचा तो कारकिर्दीतील अखेरचा सामना होता. आर्सेनलने प्रथम आघाडी घेतली. डीनने काही मिनिटांतच बरोबरी साधली आणि मग पेनल्टीवर ५९ वा गोल केला. आर्सेनलने पुन्हा बरोबरी साधली आणि त्यानंतर बराच वेळ काही घडले नाही. सामना संपण्यास सुमारे आठ मिनिटे उरली असताना डाव्या बाजूच्या अ‍ॅलेक ट्रूपने कॉर्नरवरून उंच टाकलेला चेंडू डीनने डोक्याने जाळ्यात धाडला. आर्सेनलने शेवटी आणखी एक गोल करून सामना ३-३ असा बरोबरीत सोडवला, पण त्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष राहिले असेल.

गुणतक्ता मात्र या एका नावापलीकडे पाहण्यास भाग पाडतो. एव्हर्टनचे ५३ गुण झाले व हडर्सफील्डचे ५१; चौथ्या क्रमांकावरील डर्बी काउंटीचे ४४ होते आणि बाविसाव्या, म्हणजे अगदी तळाच्या मिडल्सब्रोचे ३७. तब्बल सात क्लब ३९ गुणांवर एकत्र उभे होते, आणि ३८ गुण मिळवूनही टॉटनहॅमची घसरण झाली. कॅमसेलसारखा गोलांचा धनी पदरी असूनही मिडल्सब्रो वाचला नाही. इतकी चुरस निर्माण होण्यामागे पगाराच्या नियमाचा मोठा हात होता. १९२२ पासून कोणत्याही खेळाडूला हंगामात आठवड्याला ८ पौंड व उन्हाळ्यात ६ पौंड यांहून अधिक पगार देण्यास मनाई होती. त्याखेरीज विजयासाठी २ पौंड व बरोबरीसाठी १ पौंड एवढा बोनस देता येई. शिवाय क्लबने सोडल्याखेरीज खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे, मग त्याचा करार संपलेला का असेना. श्रीमंत क्लबाला अधिक पगाराचे आमिष दाखवता येत नसल्याने चांगले खेळाडू देशभर विखुरलेले राहिले आणि लीग समतोल राहिली; पण या समतोलाची किंमत खेळाडूंच्या खिशातून वसूल होत होती, आणि गुडिसन पार्कवर हजारोंनी माणसे ज्याला पाहण्यास येत, त्या डीनचा पगारही याच मर्यादेत बांधलेला होता.

हा समतोल विजेत्यांनाही सोडत नसे. दोनच वर्षांनी, १९३० मध्ये, एव्हर्टन तळाला जाऊन दुसऱ्या श्रेणीत घसरला. डीन क्लबातच राहिला. १९३१ मध्ये एव्हर्टनने दुसरी श्रेणी, १९३२ मध्ये पहिली श्रेणी आणि १९३३ मध्ये एफए कप जिंकला. मार्च १९३८ मध्ये क्लबने त्याला नॉट्स काउंटीला विकले, तेव्हा मिळालेली किंमत होती ३,००० पौंड, म्हणजे तेरा वर्षांपूर्वी त्याच्यासाठी मोजली होती तेवढीच. खेळाडूच्या पगाराची कमाल मर्यादा तेव्हाही आठवड्याला ८ पौंडच होती.