शाळेत मुलाला फिट आली तर? शिक्षकांना प्रथमोपचार का शिकवतात

परिपाठ चालू असताना एखाद्या मुलाला फिट येते. कुणी चप्पल हुंगवायला धावतं, कुणी कांदा फोडतं, कुणी दातांमध्ये चमचा घालतं. यातलं काहीच करायचं नसतं. शिक्षकांच्या प्रथमोपचार प्रशिक्षणाचा निम्मा भाग म्हणजे हे जुने उपाय विसरणं.

फिट आल्यावर बाकं बाजूला सरकवायची, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं आणि घड्याळ बघायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत, पाणी पाजायचं नाही. झटके थांबले की मुलाला कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांत फिट थांबली नाही किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल, तर 108 ला फोन.

108 ची सेवा महाराष्ट्रात मोफत आहे, पण गाडी पोहोचायला वेळ लागतोच. हृदय बंद पडलं तर साधारण चार मिनिटांनंतर मेंदूला इजा होऊ लागते. म्हणूनच सीपीआर शिकवतात: शाळकरी मुलाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे पाच सेंटीमीटर खोल दाब, दर 30 दाबांनंतर 2 श्वास. वाचायला सोपं आहे. पुतळ्यावर करून पाहिलं की दोन मिनिटांत दम लागतो. त्यामुळे नुसत्या स्लाइड दाखवून प्रमाणपत्रं वाटणाऱ्या प्रशिक्षणाचा फारसा उपयोग नाही.

डबा खाताना घास अडकला तर? मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावं. आवाजच फुटत नसेल, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीवर पाच जोरदार थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर, आत आणि वर असे पाच झटके. घास निघेपर्यंत हेच आलटून पालटून. दिसत नसलेला घास बोटाने चाचपडू नये, तो आणखी आत जातो.

घोळणा फुटल्यावर डोकं मागे नव्हे, पुढे झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा. साप चावला तर करकचून दोरी बांधणं नको, चिरा देणं नको. पाय न हलवता थेट दवाखाना.

असं प्रशिक्षण सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेडक्रॉस देतात. एकदा शिकून भागत नाही, दर एक-दोन वर्षांनी उजळणी लागते. आणि प्रथमोपचार पेटी कुलूपबंद कपाटात नको. किल्ली नेमकी रजेवर गेलेल्या माणसाकडे असते.