परक्या माणसाचे पालकत्व

जुन्या सातबाऱ्यावर माझ्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असे आहे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पण दाव्यात पालनकर्त्याचाच हितसंबंध वेगळा असला तर? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३२ नुसार अज्ञान प्रतिवादीसाठी न्यायालय पालक नेमते. पुष्कळदा तो वकील असतो. तडजोडीलाही न्यायालयाची परवानगी लागते. ती अज्ञानाच्या हिताची आहे, असे त्याच्या वकिलाचे प्रमाणपत्र १९७६ च्या दुरुस्तीने आवश्यक केले.

आमचा वाटणीचा दावा १९६० चा. आईचा हिस्सा वेगळा, म्हणून माझ्यासाठी वकील नेमले. काकांच्या तडजोडीला आई भिडेखातर तयार होती. वकिलांनी मला विचारले, "बाळ, विहीर कुणाकडे?" मी नऊ वर्षांची. म्हटले, "काकांकडे."

परवानगी मिळाली नाही. ते आमचे कोणी नव्हते, म्हणूनच विचारू शकले.