दोन तंबू, एक मैदान

कलकत्त्यात फोर्ट विल्यमच्या पायथ्याशी जे अफाट हिरवे रान मोकळे राहिले आहे, त्याला तिथला माणूस ‘गडेर माठ’ म्हणतो, म्हणजे गडाचे मैदान. जमीन लष्कराची. तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या क्लबांनाही पक्की वास्तू उभारण्याची मोकळीक नव्हती, आणि म्हणून क्लबाच्या घराला तिथे अजून ‘तंबू’च म्हणतात; मग त्या तंबूत विजेचे पंखे फिरत असोत की करंडकांची कपाटे उभी असोत. यांपैकी दोन तंबूंविषयी आम्हांला बोलायचे आहे. एक मोहन बागानचा, दुसरा ईस्ट बंगालचा. या दोघांमधल्या वैराने एका शहरातील घरे, बाजार, लग्ने आणि स्मशानेसुद्धा ओळखली आहेत.

हे वैर कशाचे, असे कुणाला विचारावे तर ठरलेले उत्तर मिळते. मोहन बागान हा पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे ‘घोटीं’चा संघ, ईस्ट बंगाल हा पद्मेपलीकडून आलेल्या ‘बांगालां’चा. दोन्ही शब्द प्रथम टोमणे म्हणून वापरले गेले आणि मग मानाने मिरवले गेले. मुंबईकर देशावरल्या माणसाला ‘घाटी’ म्हणतो, त्या शब्दाचा या ‘घोटी’शी काही संबंध नाही, म्हणण्याचा सूर मात्र आपल्या ओळखीचा आहे. तर घोटी विरुद्ध बांगाल, पश्चिम विरुद्ध पूर्व. हे उत्तर खोटे नव्हे. पण ते अर्धे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच खरा इतिहास आहे.

मोहन बागानची स्थापना १८८९ सालची. या क्लबाचे नाव देशभर झाले ते २९ जुलै १९११ रोजी. त्या दिवशी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या पलटणीला या संघाने २-१ असे हरवले. अकरांपैकी दहाजण अनवाणी खेळले. बूट घातले होते एकट्या सुधीर चतर्जींनी. पलटणीने आधी गोल केला, कर्णधार शिबदास भादुरीने बरोबरी साधली आणि अभिलाष घोषने शेवटचा गोल मारला. १९०५ च्या फाळणीने बंगालचे दोन तुकडे झालेले होते, आणि ती रद्द झाल्याची घोषणा त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्ली दरबारात व्हायची होती. अशा वेळी जिंकलेल्या त्या अकरा जणांतले कितीतरी पूर्व बंगालचे होते. खुद्द भादुरी बंधू फरीदपूरकडचे. म्हणजे ज्या विजयाच्या आठवणीवर मोहन बागानची पुण्याई उभी आहे, तो विजय दोन्ही बंगालांनी मिळून मिळवलेला होता. पुढे दोन तपे मोहन बागानचा बचाव ज्याने सांभाळला, ज्याला लोक ‘चीनची भिंत’ म्हणत, तो गोष्ठ पालही फरीदपूरचाच. १९६२ साली त्याला पद्मश्री मिळाली. फुटबॉलच्या खेळाडूला तो मान प्रथमच मिळत होता. बांगालांना थोपवणारी घोट्यांची भिंत स्वतः बांगाल होती, ही गोष्ट आजचे समर्थक फारशी सांगत नाहीत, आणि आम्हांला तर तीच सर्वांत सांगण्याजोगी वाटते.

मग ईस्ट बंगाल निघाला कशावरून? संघनिवडीवरून. २८ जुलै १९२० रोजी जोडाबागान नावाच्या क्लबाचा मोहन बागानशी सामना होता. शैलेश बोस या खेळाडूला जोडाबागानने ऐन वेळी संघातून वगळले. कारण नीट सांगितले गेले नाही. शैलेश बोस पूर्वेकडचा, आणि क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी हेही तिकडलेच जमीनदार. ‘याला घ्या’ असा त्यांनी आग्रह धरला, तो कुणी ऐकला नाही, तेव्हा ते क्लब सोडून बाहेर पडले. चारच दिवसांनी, १ ऑगस्टला, नवा क्लब उभा राहिला आणि त्याला नाव दिले ईस्ट बंगाल. भांडण मोहन बागानशी नव्हतेच. मोहन बागान त्या दिवशी केवळ समोर होता. इतिहासात असे पुष्कळदा घडते: ज्याच्याशी तंटा झाला तो विस्मृतीत जातो, आणि शेजारी उभा होता तो जन्माचा वैरी ठरतो. जोडाबागानचे नाव आज या गोष्टीपुरतेच उरले आहे.

खरी ठिणगी थोडी पुढे पडली. कलकत्ता लीगच्या पहिल्या वर्गात दोनच हिंदी क्लबांना जागा असावी असा त्या काळी नियम होता, आणि त्या दोन जागा मोहन बागान व एरियन यांच्याकडे होत्या. ईस्ट बंगाल वर चढण्याच्या पात्रतेचा झाला तेव्हा हा नियम आडवा आला. गोऱ्या क्लबांनी तो सोडायची तयारी दाखवली आणि विरोध केला तो आपल्याच दोन भावंडांनी, अशी हकिकत ईस्ट बंगालच्या बाजूने आजही सांगतात. अखेर नियम गेला. २८ मे १९२५ रोजी लीगमध्ये दोघे प्रथम भिडले आणि ईस्ट बंगालने नेपाल चक्रवर्तीच्या गोलावर १-० असा विजय मिळवला. तरीसुद्धा पुढली पंधरावीस वर्षे हे वैर इतर चार वैरांसारखेच होते. त्या काळात मैदान गाजवले ते तिसऱ्याच एका क्लबाने: मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे लीग जिंकली, आणि ती जिंकणारा पहिला हिंदी क्लबही तोच. मोहन बागानला लीग मिळाली १९३९ साली, ईस्ट बंगालला १९४२ साली.

मग १९४७ आले. आतापर्यंत जे क्लबाचे नाव होते, ते आता हरवलेल्या मुलखाचे नाव झाले. ढाका, फरीदपूर, बारिसाल, मैमनसिंग येथून माणसे येत राहिली. १९५० च्या दंग्यांनंतर तर लोंढाच लोटला. सियालदह स्टेशनच्या फलाटांवर कुटुंबेच्या कुटुंबे महिनोन्‌महिने पथारी टाकून होती. दक्षिणेला जादवपूर, बिजयगड या बाजूंना लोकांनी मोकळ्या जमिनी बळकावून बांबूच्या भिंतींची घरे उभारली, आणि सरकारी कागदांत त्या वस्त्यांना ‘जबरदखल कॉलनी’ हे नाव पडले. गावी शंभर माडांचा मालक असलेला माणूस इथे कारकुनाच्या जागेसाठी रांगेत उभा राहिला. त्याची बोली ऐकून ट्राममधले लोक हसत. यजमान शहराचीही काही दुखणी होती हे आम्ही नाकारत नाही: घरभाडी चढली, नोकऱ्या अपुऱ्या पडल्या, आणि आधीच दुष्काळाने व दंग्यांनी पोळलेल्या कलकत्त्याच्या दारात लाखो माणसे येऊन उभी राहिली. पण निर्वासिताच्या बाजूने पाहावे. आठवड्याचे सहा दिवस तो हरत होता. ज्या जागी तो घोट्यांच्या बरोबरीने, आरडाओरडा करीत, आपल्या बोलीत, जिंकू शकत होता, अशी एकच जागा त्या शहरात होती, आणि तिथे त्याच्या गावाचे नाव लाल-सोनेरी अक्षरांत लिहिलेले होते.

इथे एक तपशील ध्यानात घ्यावा. फाळणीत जो प्रांत पाकिस्तानात गेला त्याचे सरकारी नाव ‘पूर्व बंगाल’ हेच होते. १९५५ साली ते बदलून ‘पूर्व पाकिस्तान’ केले गेले, आणि १९७१ नंतर तो बांगलादेश झाला. म्हणजे १९५५ पासून ‘ईस्ट बंगाल’ नावाचे काही जर नकाशाबाहेर, माणसांत, जिवंत राहिले असेल, तर तो कलकत्त्याच्या मैदानावरला एक तंबू. घर गेले, शेत गेले, प्रांताचे नावही गेले. राहिला तो फुटबॉलचा क्लब.

आणि या निर्वासितांचा अभिमान ज्यांनी पायांवर वाहिला ते कोण होते? व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पाचही दक्षिणेकडचे, अहमद खान बंगळूरचा. बंगालने त्यांना ‘पंचपांडव’ म्हटले. १९४९ साली या पाच जणांच्या आघाडीच्या बळावर ईस्ट बंगालने लीग जिंकली, शील्ड जिंकली आणि मुंबईत येऊन रोव्हर्स कपही नेला. शील्ड तर पुढे १९५० व १९५१ लाही सोडली नाही. जादवपूरच्या वस्तीतला म्हातारा ज्या गोलावर रडत होता तो गोल तमिळ, तेलुगू वा मल्याळी बोलणाऱ्या पोराने मारलेला असे, आणि पांडवांपैकी दोघे मुसलमान होते. धर्माच्या नावाने घर सुटलेल्या माणसांनी त्यांना डोक्यावर घेतले. त्या वर्षांत याहून शहाणपणाची दुसरी गोष्ट त्या शहरात फारशी घडली नसावी.

पलीकडचा तंबूही असाच मिश्र. शैलेन मन्नाने कारकिर्दीचा बहुतेक काळ मोहन बागानकडेच काढला, पण त्याच्या मागोमाग जो चुनी गोस्वामी आला, ज्याच्या कर्णधारपदाखाली १९६२ साली जकार्त्याला भारताने आशियाई सुवर्णपदक मिळवले, त्याचा जन्म मैमनसिंग जिल्ह्यातील किशोरगंजचा! अस्सल बांगाल. त्याने सारा जन्म हिरव्या-मरून सदऱ्यात काढला. मोहन बागानचे चिन्ह शिडाची नाव आहे. नद्यांचा मुलूख पूर्वेचा, आणि नाव मात्र पश्चिमेच्या छातीवर. ईस्ट बंगालने मशाल घेतली. शिवाय बरीच वर्षे या दोघांचे खेळायचे मैदान एकच होते. एकाच गवतावर दोघे आपापल्या दिवशी सराव करीत.

घराघरांत मात्र रेषा स्पष्ट होती. ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा, तिकडचा ‘इलिश’; मोहन बागान जिंकला की मोठी कोळंबी, ‘चिंगडी’. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी बाजारात कशाचा भाव चढला यावरून निकाल कळावा, असे कलकत्तेकर सांगतो आणि त्यात फारशी अतिशयोक्ती करीत नाही. घोट्यांच्या घरात बांगाल सून आली की तिच्या हातची आमटी गोड की तिखट यापेक्षा ती शनिवारी कुणाच्या बाजूने ओरडते याची चौकशी आधी होई. मासळीवरून भांडणारा समाज फार वाईट नसतो, असे कोकणातल्या वाचकाला तरी आम्ही पटवू शकू.

पण हे सगळे गमतीचेच राहिले असे म्हणता येत नाही. १९७० ते १९७५ अशी सहा वर्षे ईस्ट बंगालने लीग सोडली नाही, आणि ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला ५-० असे हरवले. त्या पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आपला जीव दिला. पाच वर्षांनी, १६ ऑगस्ट १९८० रोजी, ईडन गार्डन्सवर लीगचा सामना चालू असताना दोघा खेळाडूंत झटापट झाली, पंचाने दोघांना बाहेर काढले, आणि प्रेक्षकांत दंगल उसळली. दोन्हीकडची माणसे एकाच सज्जात कोंबलेली होती. दगड उडाले, पळापळ झाली, अरुंद जिन्यांवर माणसे माणसांखाली सापडली. सोळाजण गेले. खाली खेळ चालूच राहिला होता. शहराला ती तारीख आधीच ओळखीची होती: १९४६ चा भयंकर दंगाही १६ ऑगस्टलाच सुरू झाला होता. त्या सोळांच्या स्मरणार्थ कलकत्त्यात दरवर्षी या दिवशी रक्तदान होते. दोन्ही क्लबांचे लोक ओळीने आडवे होतात. कोणत्या पिशवीत कुणाचे रक्त हे कुणी लिहून ठेवीत नाही.

दोष वैराचा की व्यवस्थेचा, यावर पुष्कळ वाद झाला आहे. आमचे मत व्यवस्थेकडे झुकते. एकाच सज्जात दोन जमाव बसवणे हे वैर नव्हे, बेफिकिरी आहे. चार वर्षांनी सॉल्ट लेकचे प्रचंड क्रीडांगण उघडले, आणि तिथे १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन कपच्या उपान्त्य सामन्याला १,३१,७८१ माणसे आली. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त आपल्या हिऱ्याच्या आकाराच्या व्यूहाची बढाई मारीत होते आणि भाइचुंग भुतियाच्या नावाची थट्टाही करून चुकले होते. भुतियाने तीन गोल मारले. ईस्ट बंगाल ४-१. पलीकडे प्रशिक्षक होते पी. के. बॅनर्जी, ज्यांनी खेळाडू म्हणून उमर काढली ती ईस्टर्न रेल्वेकडे, या दोघांपैकी कुणाकडेच नव्हे, आणि प्रशिक्षक म्हणून मात्र दोन्ही तंबूंचे मीठ खाल्ले.

पद्मेपलीकडचे घर स्वतः पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. पैसा आला, कंपन्या आल्या. २०२० साली मोहन बागानच्या नावाआधी एका भागीदार संघाचे नाव जोडले गेले तेव्हा समर्थकांनी तीन वर्षे निषेध केला आणि २०२३ साली ते काढायला लावले. नव्या लीगमधला या दोघांचा पहिला सामना तर बंगालात झालाच नाही. साथीमुळे तो २७ नोव्हेंबर २०२० रोजी गोव्यात, वास्कोच्या टिळक मैदानावर झाला. मोहन बागान २-० जिंकला. एकही प्रेक्षक नव्हता.

ऑगस्ट २०२४ मध्ये कलकत्त्यात एका तरुण डॉक्टर मुलीचा तिच्याच रुग्णालयात खून झाला आणि शहर रस्त्यावर आले. १८ ऑगस्टला डुरँड कपमध्ये दोघांची गाठ होती. बंदोबस्त पुरणार नाही म्हणून सामना रद्द केला गेला. तरीही ठरलेल्या संध्याकाळी लाल-सोनेरी आणि हिरवे-मरून सदरे घातलेले लोक सॉल्ट लेकच्या बाहेर जमले, मोहमेडनचेही आले, आणि न्यायाची मागणी करीत एकत्र उभे राहिले. एका क्लबाच्या समर्थकाने दुसऱ्याच्या समर्थकाला खांद्यावर घेतल्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी देशभर पाहिले गेले. पोलिसांनी जमाव पांगवला. न झालेल्या सामन्याचा एकेक गुण दोन्ही संघांना वाटून देण्यात आला.