हिवाळा, मन आणि पूर्वेची वैद्यके

एन्नोर चेन्नईच्या उत्तर टोकाला, विषुववृत्तापासून जेमतेम तेरा अंशांवर आहे. वर्षातला सर्वांत लहान दिवसही इथे सव्वाअकरा तासांहून मोठा असतो. मार्गळी या तमिळ महिन्यात ईशान्य मोसमी पाऊस ओसरू लागतो, पहाटे दव पडते, आणि हिवाळा म्हणावा तो एवढाच. अशा गावात बसून हिवाळी नैराश्यावरच्या अभ्यासाची प्रस्तावना लिहावी, याचे वाचकांना नवल वाटेल. पण आज कितीतरी मराठी घरांतली मुले लंडन, स्टॉकहोम, टोरांटोला आहेत. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांचाही नसतो, स्टॉकहोमचा सहाच्या आसपास. फोनवर मुलगी म्हणते, ‘आई, कशातच लक्ष लागत नाही गं, नुसती झोप येते.’ आईला वाटते, घरची आठवण येत असेल. तेही असेल; पण या तक्रारीमागे ऋतूही असू शकतो, आणि त्याचा विचार आपल्या आशिया खंडात फार जुना आहे.

आधुनिक वैद्यकाने या विकाराला नाव दिले ते 1984 मध्ये. नॉर्मन रोझेन्थाल मूळचे जोहान्सबर्गचे. अमेरिकेत आल्यावर तिथल्या हिवाळ्यात आपली उमेद खचते, हे त्यांना स्वतःलाच जाणवले होते. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या ऋतुनिष्ठ नैराश्याचे वर्णन प्रसिद्ध केले. झोप वाढते, गोड आणि पिष्टमय खाण्याची ओढ लागते, वजन चढते आणि वसंतात सारे निवळते. यावर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसण्याचा उपाय रूढ झाला.

चिनी वैद्यकाकडे वळताना मात्र रोगाचे नाव थोडे बाजूला ठेवावे. दोन हजार वर्षांमागच्या ‘हुआंगदी नेइचिंग’ या ग्रंथाच्या ‘सुवेन’ भागात दुसरा अध्याय ऋतूंचा आहे. हिवाळा म्हणजे मिटून घेण्याचा, साठवण्याचा काळ. लवकर निजावे, उशिरा उठावे, पण उठण्यासाठी सूर्यप्रकाशाची वाट पाहावी. ऊब धरावी, घाम गाळू नये. पंचतत्त्वांच्या मांडणीत हिवाळा जलतत्त्वाचा आणि मूत्रपिंडांचा. शोक मात्र शरद ऋतूशी आणि फुप्फुसांशी जोडलेला. खिन्नतेचे निदान करताना तर चिनी वैद्य बहुधा यकृताशी कोंडलेल्या ‘ची’कडे, म्हणजे प्राणशक्तीकडे, पाहतात. म्हणून ‘हिवाळी उदासीनतेवर चिनी औषध कोणते?’ या प्रश्नाला तिथे एकच उत्तर मिळत नाही. वैद्य नाडी पाहतात, जीभ पाहतात, झोप कशी लागते, पावले गार पडतात का, हे विचारतात. गारठा प्रबळ वाटला तर वाळवलेल्या दवण्याच्या जातीतल्या पानांची कांडी पेटवून, त्वचेला न टेकवता, नाभीखालच्या बिंदूजवळ धरतात. कातडी लालसर झाली, ऊब आत उतरली, की कांडी बाजूला होते.

आता शेजारी आयुर्वेद ठेवा, म्हणजे या विषयाची खरी गोडी कळेल. हेमंतात अग्नी प्रदीप्त आणि बल उत्तम, असे आपली ऋतुचर्या मानते. म्हणून तेल माखा, व्यायाम करा, उडीद, गूळ, दूध भरपूर घ्या. ‘अष्टांगहृदय’ तर कुस्तीही सांगते. चिनी ग्रंथ घाम गाळू नका म्हणतो, आपला ग्रंथ आखाड्यात उतरवतो! हा मतभेद घाईने मिटवू नये. हिवाळ्यात शरीर काय करते, याकडे पाहण्याच्या या दोन वेगळ्या रीती आहेत, आणि ऊन व ऊब यांवर दोघांचेही एकमत आहे. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मिसळीची भाजी ही त्याच ऋतुचर्येची आपल्या स्वयंपाकघरातली शाखा होय. तमिळ सिद्ध परंपरेत या दिवसांना ‘मुन्पनि’, म्हणजे आधीच्या दवाचा ऋतू म्हणतात. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महालात सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एकत्र अभ्यासायला लावले होते. चार परंपरा शेजारी ठेवण्याचे हे धाडस एका मराठी राजाने याच तमिळ भूमीत केले, याचा अभिमान वाटतो.

चीनशीही आपला धागा आहे. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. त्याच पथकातले बिजयकुमार बसू 1950 च्या दशकाअखेरीस पुन्हा चीनला जाऊन अॅक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या त्यांनी कोलकात्याला आणली. महाराष्ट्राने पुढे 2015 च्या कायद्याने या उपचारपद्धतीला मान्यता दिली.

वाचकांनी एक भान ठेवावे. हिवाळी नैराश्यावर प्रकाशोपचाराला जितका संशोधनाचा आधार आहे, तितका सुयांना किंवा काढ्यांना नाही. माझ्या मते या परंपरांचे खरे बळ दिनचर्येत आहे, औषधाच्या पुडीत नव्हे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करू नका आणि त्यांच्या जोडीला कोणतीही वनस्पती न विचारता घेऊ नका. ज्यांना कधी उन्मादाचा झटका आला असेल, त्यांनी तेजस्वी दिवाही मनोविकारतज्ज्ञांना विचारूनच वापरावा. जगणे नकोसे वाटत असेल तर ग्रंथ मिटा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. भारतात ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक त्यासाठीच आहे.

सुरुवात सोपी आहे. ‘सुवेन’चा दुसरा अध्याय आणि ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानातला तिसरा, दोन्ही भाषांतरात मिळतात आणि दोन्ही आटोपशीर आहेत. ते जोडीने वाचा. वाचताना आपल्या किंवा आपल्या माणसाच्या गावाच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा हाताशी ठेवा, आणि त्यातली कोणती सूचना त्या अक्षांशावर जशीच्या तशी पाळता येईल, कोणती बदलावी लागेल, हे समासात लिहीत जा.