चौदा जागांचे मोल

विधिमंडळातील पक्षांचे बळ मोजावयाचे झाले की आपली दृष्टी प्रथम आकड्यांकडे वळते. बहुमत ज्याच्या हाती, त्याचा इतिहास सविस्तर लिहिला जातो. थोड्या जागा मिळविणाऱ्याच्या वाट्यास एखादी ओळ येते. १९३७ सालच्या मुंबई इलाख्यातील निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाने जे मिळविले, ते पाहता ही मोजदाद आम्हांस अपुरी वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा पक्ष ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन केला. निवडणूक काही महिन्यांवरच येऊन ठेपली होती. पक्षाच्या नावात कोणत्याही जातीचा उल्लेख नव्हता. कूळ, शेतमजूर आणि गिरणीकामगार यांना एका झेंड्याखाली आणावे, हा त्यामागील हेतू होता. उमेदवारांच्या निवडीतही तो दिसून आला. नाशिककडे भाऊराव गायकवाड व बेळगावकडे बळवंतराव वराळे उभे राहिले. कोकणात सर्वसाधारण जागांसाठी अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आणि शामराव परुळेकर हे स्पृश्य समाजातील कार्यकर्ते उभे होते. यांपैकी चित्रे व टिपणीस १९२७ च्या महाड सत्याग्रहापासूनचे सहकारी होत.

पक्षाने १७ जागा लढविल्या व १४ जिंकल्या. स्वतः बाबासाहेबांनी मुंबईत विख्यात क्रिकेटपटू पी. बाळू यांचा पराभव केला. सभागृहात एकूण १७५ सभासद होते हे खरे. तथापि पुणे करारानंतर राखीव जागांची निवडणूकही संयुक्त मतदारसंघातून होत असे, ही गोष्ट विसरता कामा नये. मुंबई इलाख्यात मतदारास आपली सर्व मते एकाच उमेदवारास देण्याची मुभा होती. संख्येने थोडा असलेला समाज एकजुटीने उभा राहिला, तर त्याचा आवाज बुडत नसे. त्या एकजुटीचे फळ म्हणजे या १४ जागा.

या जागांचा उपयोग काय झाला? १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. रत्नागिरी, कुलाबा व ठाणे जिल्ह्यांच्या काही भागांत खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामध्ये उभा असे. त्यास वाजवी मोबदला द्यावा व जमीन कसणाऱ्यास जमीन महसूल कायद्यान्वये कब्जेदाराचे हक्क मिळावे, अशी त्यात योजना होती. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईस येऊन कौन्सिलवर चालून गेले. त्यांत महार होते, तसेच कुणबी आणि आगरीही होते. त्याच वर्षी संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकास पक्षाने सभागृहात कसून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर रोजी कम्युनिस्टांच्या साथीने गिरण्यांतून संप घडवून आणला.

विधेयक संमत झाले नाही, आणि संपाने कायदा अडला नाही. पुढे परुळेकर कम्युनिस्ट पक्षात गेले. १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली व मजूर पक्षाचा अवतार संपला. जात आणि वर्ग या दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी लढण्याचा त्याचा मनोदय पुरता सिद्धीस गेला नाही, हे मान्य केले पाहिजे.

तरीही खोती नष्ट करण्याचा कायदा १९४९ मध्ये झालाच. तोपर्यंत ज्यांनी तो मागितला होता त्यांचा पक्ष उरला नव्हता. आमच्या मते, या चौदा सभासदांचे कार्य याच ठिकाणी शोधावे लागेल. समतेचा प्रश्न त्यांनी उच्चवर्णीयांच्या दयाबुद्धीवर सोडला नाही. कुळाच्या सातबाऱ्याचा, कामगाराच्या संपाचा, म्हणजेच कायद्याच्या कलमांचा प्रश्न म्हणून तो सभागृहापुढे ठेवला. इतिहास शिकविताना आपण विद्यार्थ्यांस विजेत्या पक्षाचा आकडा सांगतो. त्याबरोबर हा चौदाचा आकडाही सांगावा, एवढेच आमचे मागणे आहे.