शनीचे पाच अंश

चिखली 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्याआधी टाळगाव चिखली हे इंद्रायणीकाठचे शेतीचे गाव होते. आज तिथली शाळकरी मुले ग्रह पाठ करतात ते आठ नावांची यादी म्हणून. फार तर थर्माकोलचे गोळे रंगवतात किंवा सहलीला चिंचवडच्या सायन्स पार्कमध्ये जातात. ग्रहांचे शास्त्रीय ज्ञान आपल्याकडे इंग्रजी शाळेबरोबर आले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी शाळेने आणली हे निर्विवाद. पण गणिताने काढलेली ग्रहाची जागा आकाशाशी ताडून पाहायची, हा शास्त्राचा कणा मराठी मुलखात त्याच्या कितीतरी आधीपासून होता आणि तो पंचांगाच्या पोटात वाढला.

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचले. त्यात ज्या-चापांचे किचकट गणित टाळले आहे आणि 4016 दिवसांचे, म्हणजे सुमारे अकरा वर्षांचे चक्र धरून आकडे आटोक्यात ठेवले आहेत. या सोपेपणामुळे गुढीपाडव्याला पंचांग वाचणाऱ्या गावोगावच्या जोशांपर्यंत त्याची गणिते पोहोचली. पण ग्रंथाची खरी थोरवी आरंभीच्या एका निवाड्यात आहे. कोणताही एक सिद्धांत, म्हणजे गणिताचा एकच ‘पक्ष’, प्रमाण न मानता गणेशांनी सूर्य सौरपक्षाचा घेतला, चंद्र त्याच पक्षाचा पण नऊ कलांनी कमी केला, गुरू आर्यपक्षाचा घेतला आणि शनी आर्यपक्षाचा घेऊन त्यात चक्क पाच अंश मिळवले. पाच अंश म्हणजे पौर्णिमेचे सुमारे दहा चंद्र ओळीने मांडावेत एवढे अंतर. परंपरेने दिलेल्या आकड्यात एवढी दुरुस्ती करायची तर आधार एकच असू शकतो: प्रत्यक्ष वेध. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेत असत, हे इथे लक्षात घ्यावे लागते.

पुढे साडेतीन शतकांत ग्रहलाघवालाही आकाश मागे टाकू लागले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये नव्या युरोपीय गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली; त्यांतून पटवर्धनी पंचांग निघाले आणि पंचांगशोधनाचा वाद पेटला. लोकमान्य टिळकांनीही त्यात भाग घेतला. शिक्षण खात्यात नोकरी करणाऱ्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकीकडे ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’चा इतिहास लिहिला, तर दुसरीकडे ‘ज्योतिर्विलास’ लिहून सामान्य वाचकाला रात्रीच्या आकाशाची गोडी लावली.

यावर पहिला आक्षेप असा की, हा सगळा खटाटोप मुहूर्त आणि फलज्योतिषासाठी होता. हेतू तो होताच. पण शनी कुठे आहे हा प्रश्न वेगळा आणि तो कोणाला पीडा देतो हा वेगळा. पहिल्याचे उत्तर आकाशात तपासता येते, दुसऱ्याचे नाही, आणि शाळेला हवे आहे ते पहिलेच. दुसरा आक्षेप चिखलीपुरता अधिक खरा: चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या उजेडात आणि धुळीत आकाश उरले आहे कुठे? मंद तारे बुडाले आहेत खरे. पण शुक्र आणि गुरू या उजेडाला पुरून उरतात, शनी आणि मंगळही त्यांच्या काळात गच्चीवरून दिसतात. तिसरा आक्षेप असा की, युरेनस-नेपच्यून पंचांगाच्या परंपरेत नव्हते. नेपच्यून मात्र याच पद्धतीने सापडला: युरेनसची गणिताने येणारी जागा आणि दिसणारी जागा जुळेना, म्हणून 1846 मध्ये न दिसलेल्या ग्रहाचा माग लागला.

पुण्यात टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये 1954 मध्ये तारांगण उभे राहिले, तेव्हा शाळेने आकाश छताखाली आणले. ही सोय मोठी, पण तिथे गणित आणि आकाश कधीच चुकत नाहीत, त्यामुळे ताडून पाहण्याचे कारणही उरत नाही. ग्रहांची यादी तर बदलतेच. 2006 मध्ये प्लूटो तिच्यातून गेला. म्हणून चिखलीच्या वर्गात आठ नावांच्या आधी एक काम द्यावे: पंचांगात छापलेले गुरूचे नक्षत्र पाहायचे, वर्षभर महिन्यातून एकदा गुरू दिसेल तेव्हा भोवतीच्या ताऱ्यांसह त्याची जागा वहीत काढायची आणि दोन्ही जुळतात का ते मुलांनीच ठरवायचे. तो वर्षभरात पुढे सरकतो, मधेच थबकून मागे येतो, हे वहीत उमटले की पृथ्वीही फिरते आहे हे सांगायला भक्कम कारण मिळते. तोवर सूर्यमाला ही मुलांसाठी केवळ गुरुजींच्या शब्दावर मानलेली गोष्ट राहते.