डब्यातली दिशा

मानपाडा या नावाची दोन ठिकाणे आपल्या परिसरात आहेत. एक ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेस कल्याण-शीळ रस्त्यावर. आम्ही या दुसऱ्या मानपाड्याचे. युनियनच्या सभेच्या पत्रकावर नुसते ‘मानपाडा’ असे छापले तर काही माणसे भलतीकडेच जातात, हा अनुभव एकदा घेतल्यापासून आम्ही गावाच्या नावाबरोबर दिशाही छापू लागलो. आजचा विषय त्याच जातीचा आहे. लोकलच्या दारावर स्थानकांची जी पट्टी लावलेली असते, तिच्यावर मुंबई डाव्या हाताला असावी की उजव्या? विषय क्षुल्लक वाटेल. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनाही तो प्रथम तसाच वाटला होता.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मराठवाड्यातून आलेला एक तरुण हेल्पर म्हणून लागला. राहायला तो कुर्ल्याला नातलगाकडे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याला पोहोचायला तासभर उशीर झाला. तेथील शिरस्ता असा की अर्ध्या तासाहून अधिक उशीर झाला की अर्ध्या दिवसाची मजुरी कापायची. त्याची बाजू मांडावयास आम्ही गेलो, तेव्हा त्याने सांगितलेली हकिकत अशी. गाडी त्याने बरोबर पकडली होती, कल्याणचीच. ठाणे सुटल्यावर गर्दीत उभ्या उभ्या त्याने समोरच्या भिंतीवरची पट्टी वाचली. पट्टीत डोंबिवली ठाण्याच्या उजवीकडे होती आणि गाडी तर त्याच्या डाव्या हाताला धावत होती. आपण उलट्या गाडीत चढलो अशी त्याची खात्री झाली. मुंब्र्याला तो उतरला, पूल ओलांडून पलीकडच्या फलाटावर गेला आणि मुंबईकडे जाणारी गाडी पकडून पुन्हा ठाण्याला आला.

व्यवस्थापक हसले. खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. मजुरी कापली गेली ती गेलीच. संध्याकाळी परतताना मात्र आम्ही मुद्दाम पट्ट्या पाहिल्या आणि ध्यानात आले की पोराने वाचण्यात चूक केलीच नव्हती. डब्याच्या दोन्ही भिंतींवर एकच छापील पट्टी होती. मुंबई डावीकडे, कल्याण उजवीकडे. एका भिंतीवर ती खरे बोलत होती. समोरच्या भिंतीवर तीच पट्टी खोटे बोलत होती.

ज्यांना हे चटकन उमगणार नाही त्यांनी मनाने डब्यात उभे राहावे. कल्याणकडे तोंड केले की एक भिंत डावीकडे येते, एक उजवीकडे. आता डाव्या भिंतीकडे वळा. कल्याण तुमच्या उजव्या हाताला आले. उजव्या भिंतीकडे वळा. कल्याण डाव्या हाताला गेले. गाडी कोणत्या बाजूला धावते आहे याचा येथे संबंध नाही. कल्याण जेथे आहे तेथेच आहे, वळलो ते आपण. मग दोन भिंतींवर एकच पट्टी कशी चालावी?

आमचे शाळेचे शिक्षण लवकर सुटले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि गाडीत. तेव्हा या पट्टीचे कूळ शोधण्याचा छंद लागला, तो असाच. वाट दाखवणारी पट्टी ही आगगाडीहून पुष्कळ जुनी आहे. जॉन ओगिल्बी नावाच्या गृहस्थाने १६७५ साली ‘ब्रिटानिया’ हा ग्रंथ काढला आणि त्यात इंग्लंड-वेल्सचे रस्ते शंभर पानांवर उभ्या पट्ट्यांत मांडले. प्रवाशाने पट्टीच्या तळापासून निघावे आणि वर वर जावे. रस्ता वळला की नकाशा वळत नाही. प्रत्येक पट्टीबरोबर होकायंत्राचे चक्र काढलेले आहे, तेवढे फिरते. म्हणजे उत्तर दिशेने प्रवाशापुढे मान तुकवली, प्रवाशाने उत्तर दिशेपुढे नव्हे. घोड्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्याला हा मान साडेतीनशे वर्षांपूर्वी मिळाला होता.

आगगाडीबरोबर दृष्टी पालटली. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीन वाजता बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. अंतर २१ मैल. पुढच्याच वर्षी, १८५४ त, रूळ कल्याणला पोहोचले. बोरघाट १८६३ त आणि थळघाट १८६५ त चढून गाडी देशावर गेली. या साऱ्या मार्गावर अंतर मोजले गेले ते मुंबईच्या टोकापासून. मुंबईकडे येणारी गाडी ‘अप’, मुंबईहून जाणारी ‘डाउन’. मौज अशी की आपल्या भाषेत माणूस घाटावर ‘वर’ जातो आणि कोकणात ‘खाली’ उतरतो. रेल्वेच्या हिशेबी मात्र थळघाट धापा टाकीत चढणारी गाडी ‘डाउन’! ही दिशा जमिनीची नव्हे, कचेरीची. कचेरीला ती सोयीची आहे यात वाद नाही. आरंभ एका ठिकाणी धरल्यावाचून वेळापत्रक जुळत नाही. पण कचेरीचे टिपण जसेच्या तसे डब्याच्या भिंतीवर चढले की मुंबई सदैव डावीकडे, म्हणजे ओळीच्या आरंभी, आणि आम्ही सदैव शेवटी. अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे-बेलापूर पट्टा येथे कारखाने उभे राहिल्यावर हजारो माणसे सकाळी मुंबईच्या उलट्या दिशेने कामावर जाऊ लागली, तरी ही समजूत हटली नाही.

विलायतेत या पट्टीवर खटपट केली ती साध्या नोकरदारांनी. जॉर्ज डो हे रेल्वेतले गृहस्थ. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या डब्यांसाठी त्यांनी १९२९ च्या सुमारास सरळ रेघांचे आराखडे केले. त्यानंतर हॅरी बेक. भुयारी रेल्वेच्या सिग्नल खात्यातला हा ड्राफ्ट्समन. नोकरकपातीत घरी बसलेला असताना १९३१ साली त्याने लंडनच्या साऱ्या भुयारी मार्गांचा आराखडा काढला. रेघा फक्त आडव्या, उभ्या किंवा तिरप्या, आणि स्थानकांमधले अंतर जवळपास सारखे. कचेरीने तो प्रथम नाकारला. जानेवारी १९३३ मध्ये खिशातली घडी म्हणून छापला, तेव्हा लोकांनी तो उचलून धरला. मोबदला काही गिनींचा मिळाला. कामावरून काढलेल्या माणसाच्या हातून जगातल्या बहुतेक शहरांच्या रेल्वे-नकाशाचा कित्ता तयार व्हावा, हे आमच्या धंद्यातल्या माणसाने सांगितल्यावाचून कसे राहावे? आपल्याकडेही पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक मंदार राणे आणि त्यांचे विद्यार्थी यांनी मुंबईच्या लोकल रेल्वेचा असा नकाशा मोठ्या कष्टाने तयार केला आहे.

परंतु बेकचा नकाशा हातात धरायचा आहे. दिशा जुळली नाही तर हात फिरवता येतो. भिंतीला चिकटलेली पट्टी फिरत नाही, आणि गर्दीत चेपलेला माणूसही फिरत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्विन लेव्हिन यांनी १९८० च्या दशकात ‘तुम्ही येथे आहात’ अशा भिंतीवरच्या नकाशांचा अभ्यास केला. नकाशाची वरची बाजू आणि पाहणाराच्या समोरची दिशा जुळत नसेल, तर माणसे उलट्या वाटेला लागतात, असे त्यांना आढळले. आमच्या हेल्परची साक्ष त्याहून थोडी उशिराची, इतकेच.

यावर उपाय काय? येथे लोकलचा एक गुण कामी येतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. अशा गाडीला दोन्ही टोकांना मोटरमनची खोली असते. शेवटच्या स्थानकावर गाडी वळवीत नाहीत. ती उलट पावली परत निघते. बायकांचा डबा आणि पहिल्या वर्गाचा डबा फलाटावर रोज ठरल्या जागी येऊन उभे राहतात ते यामुळेच. म्हणजे एका मार्गावर धावणाऱ्या डब्याची डावी भिंत सकाळी, संध्याकाळी, सदैव त्याच दिशेला. तेव्हा यंत्र नको, दिवे नकोत. दोन प्रकारच्या पट्ट्या छापाव्यात, ‘अ’ आणि ‘ब’, आणि कारशेडमध्ये एकदाच ज्या त्या भिंतीला लावाव्यात. एवढ्याने काम भागते.

मात्र ‘ब’ पट्टी छापताना ‘अ’ पट्टीला आरसा दाखवून चालणार नाही. ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली, आणि आली ती कल्याणमुळे. कल्याणला मार्ग फुटतो. मुंबईहून येताना कसाऱ्याचा फाटा डावीकडे जातो, कर्जतचा उजवीकडे. रेल्वेच्या कागदांत एक नॉर्थ-ईस्ट, दुसरा साउथ-ईस्ट. डाव्या भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाच्या दृष्टीने कसारा पुढच्या बाजूला आहे, म्हणून पट्टीवर कसारा वर आणि कर्जत खाली. उजव्या भिंतीकडे तोंड केले की कर्जत पुढे येते. तेथे कर्जत वर, कसारा खाली. पट्टी आरशात पाहिली तर डावे-उजवे पालटते, वरचे-खालचे पालटत नाही. कल्याण योग्य बाजूला येईल पण फाटे चुकतील. पट्टी टेबलावर ठेवून अर्धा फेरा फिरवावी आणि मग नावे पुन्हा सुलटी लिहावीत. घरी वहीच्या कागदावर करून पाहावे. आम्ही जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर खडूने करून पाहिले होते.

एका मित्राने, आणि तो छपाईच्या धंद्यातला आहे, आक्षेप घेतला. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. निम्म्या पट्ट्यांवर प्रवाशाला स्थानके उलटी वाचावी लागतील. आक्षेप खरा आहे. पण आजही परतीच्या प्रवासात प्रत्येक जण ती उलटीच वाचतो, आणि त्याविषयी कोणाची तक्रार ऐकिवात नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. तो आम्हाला पटत नाही. शाई तितकीच, कागद तितकाच, वाढला तो एक साचा. तिसरा आक्षेप असा की आता पुढच्या स्थानकाचे नाव कित्येक गाड्यांत दिव्यांच्या अक्षरांनी सरकते आणि बाईचा आवाज ते पुकारतो, मग पट्टी हवी कशाला? पुढचे स्थानक एवढेच जाणायचे असेल तर नको. पण नवख्या माणसाचा प्रश्न पुढच्या स्थानकाचा नसतो. आपण निघालो ते बरोबर निघालो की नाही, हे त्याला जाणायचे असते, आणि तेही गाडी सुटल्यावर.

मेट्रोच्या आखणीत वडाळा-कासारवडवली मार्गावर मानपाडा नावाचे स्थानक आहे, आणि कल्याण-तळोजा मार्गावरही आहे. दोन मानपाडे, दोन पट्ट्या. त्या डब्यांत दारावर काय लावतात हे पाहावयास आम्ही आमच्या मानपाड्याहून पहिल्याच आठवड्यात चढणार आहोत, आणि तो हेल्पर, जो आता त्याच कारखान्यात फोरमन आहे, आमच्याबरोबर येतो म्हणाला आहे. तो एका भिंतीकडे तोंड करून उभा राहील, आम्ही दुसऱ्या.